इंजनाले आवतन

किसनराव गेल्यापासून वडनेरात वच्छलाबाईच्या हातचं तूप कोणाच्या पानात पडलं नव्हतं. आधी शेजारीण कढवून द्यायची, सून आल्यावर तूप कढवायचं सुनेनं, वाढायचं सुनेनं, शिंक्यावरचं गाडगं उतरवायचं तेही सुनेनंच. लोक म्हणत, बाईनं नवऱ्यासाठी सोडलं. लोकांना काय, जिभेला हाड नसतं. वच्छलाबाईनं तूप सोडलेलं नव्हतं, तिला ते हातात धरवत नव्हतं. कढत्या तुपाचा वास नाकात गेला की तिच्या कानात विहिरीवरचं इंजन सुरू व्हायचं. टुक, टुक, टुक. आणि गंमत ऐका, ते इंजन केव्हाच भंगारात गेलं होतं. ज्या विहिरीवर ते होतं तिथं परत बैलांची मोट चालू झाली होती. तरी बाईच्या कानात ते चालूच.

वऱ्हाड तेव्हा नागपूरच्या सरकारात होतं. स्वराज्य नुकतंच आलेलं. साहेब गेले, त्यांच्या खुर्च्यांवर आपले लोक बसले, पण शेतातलं कुंदा गवत काही गेलं नाही. कुंदा काय चीज आहे ते काळ्या रानात राबलेल्या माणसाला विचारा. वरून कापा, खालून दुप्पट येतो. त्याच्या मुळ्या काढायच्या तर खोल नांगरट पाहिजे, आणि खोल नांगरायला बैल पाहिजेत. नेमकी त्याच साली गुरांवर बुळकांडीची साथ आली. किसनरावाच्या गोठ्यातल्या चांगल्या धिप्पाड जोड्या बघता बघता गेल्या, एकच जोडी वाचली. मळ्याकडचं रान कुंद्यानं इतकं भरलं की लांबून पीक उभं आहेसं वाटावं.

"माय, आता ट्रॅक्टर घेऊ," भगवान म्हणाला. भगवान म्हणजे वच्छलाबाईचा एकुलता एक. बाप गेला तेव्हा पोरगं लहान होतं, आता मिशा फुटल्या होत्या, लग्न झालं होतं. "लहाना येते आता, उलसाक. बांधाच्या कोपऱ्यात बी फिरते. म्या सोता चालवीन."

हे शेवटचं वाक्य त्यानं फार हौसेनं म्हटलं, आणि नेमकं तेच बाईच्या काळजात रुतलं. पहिल्या मशीननं नवरा नेला होता. आता दुसऱ्या मशीनवर पोरगा बसणार. नाही म्हणावं तर रान हातचं जातं, हो म्हणावं तर जीव थाऱ्यावर राहत नाही. दोन दिवस तिनं असेच काढले. मग चुलीपुढून उठत म्हणाली, "घे. पन पसंत म्या करीन. शेत माह्या नावचं हाये."

झालं! गावाला आयताच विषय मिळाला. पारावरचे टवाळ म्हणू लागले, "बाई ट्रॅक्टर पाहाले चालली बे! आता नवरी पाहाले ट्रॅक्टर जाईन." वच्छलाबाईनं ऐकलं नि ऐकून सोडून दिलं. तिचं म्हणणं सरळ होतं. लेक द्यायची तर आपण नवऱ्या मुलाचं नाक-डोळे पाहत बसतो का? त्या घरात आधी जी सून गेली तिला विचारतो, बाई, दुखलं-खुपलं तर पाणी कोणी देतं का तुला? मशीनचंही तसंच. लोखंड सगळं सारखंच चकाकतं. विकणारा माणूस मागून येतो की नाही, ते ज्याच्या घरी मशीन गेलं त्याला विचारावं.

आता ती असं का म्हणत होती, ते सांगायला मागं जावं लागेल.

किसनराव हौशी माणूस. गावात पहिलं तेलाचं इंजन त्यांनी आणलं, नांदुऱ्याच्या एका एजंटाकडून. इंजनाच्या चाकावर चामड्याचा रुंद पट्टा, पट्ट्याचं दुसरं टोक पंपाला. पट्टा फिरला की विहिरीचं पाणी धो-धो पाटात. पट्ट्यावर झाकायला लोखंडी जाळी यायची होती, ती एजंटाकडून कधी आलीच नाही. आज येते, उद्या येते. इंजन आलं नि मोटेचे म्हातारे बैल किसनरावांनी मोकळे सोडले.

मग पोळा आला. आदल्या संध्याकाळी आपल्याकडे बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्याला हळद-तूप चोळायचं, आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." म्हणजे जेवणाचं निमंत्रण द्यायचं, दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा घास त्याच्या तोंडात. किसनराव त्या दिवशी बाजाराला गेले होते. वच्छलाबाईनं बैलांचे खांदे मळले, वाटीत हळद-तूप उरलं, आणि तिच्या मनात आलं, वर्षभर पाणी तर इंजनानं ओढलं. त्याला कोण विचारणार? भोळी हो, दुसरं काय! ती विहिरीवर गेली. इंजनाचा खांदा कुठला, म्हणून तिनं पाहिलं. बैलाच्या खांद्यावर जू बसतं, इंजनाच्या चाकावर पट्टा बसतो. म्हणजे हाच खांदा. तिनं त्या पट्ट्याला, चाकाला, आतून-बाहेरून, मायेनं हळद-तूप चोळलं. आणि त्याच्यापुढं वाकून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

दुसऱ्या दिवशी पोळा. पाऊस दडी मारून बसलेला, मिरची सुकत होती. बैलांना सुट्टी, पण इंजनाला कशाची? किसनराव सकाळीच विहिरीवर गेले. इंजन सुरू झालं, पट्टा मात्र चाकावरून घसरू लागला. पट्टा घसरला की चालू पट्ट्यावर राळेची भुकटी टाकायची, पकड येते, हे त्यांना ठाऊक होतं. मूठभर राळ घेऊन ते वाकले. खांद्यावरच्या उपरण्याचं टोक पट्ट्यानं धरलं.

घरी वच्छलाबाई पुरण वाटत होती. इंजनाचा आवाज मध्येच जड झाला, मग परत हलका झाला, टुक, टुक, टुक. तो आवाज तिनं ऐकला होता. आवाज ठीक झाला असं म्हणून ती पुरण वाटत राहिली. तेच तिला पुढं आयुष्यभर ऐकू येत राहिलं.

गाव जमलं. नांदुऱ्याहून एजंटाचा मिस्त्री सायकल मारत आला, रहेमतुल्ला त्याचं नाव, तरणा, अबोल माणूस. फौजदार आला तेव्हा मिस्त्री खाली मान घालून म्हणाला, "पट्टा म्या नीट आवळला नव्हता साहेब. ढिला राहून गेला." एजंटानं त्याला त्याच दिवशी कामावरून काढलं. पुढं एजंटानंही दुकान गुंडाळलं. आणि वडनेरात पोराटोरांच्या तोंडी एकच गोष्ट राहिली, मिस्त्रीनं किसनरावाला खाल्लं. भगवान हेच ऐकत मोठा झाला. वच्छलाबाईनं कधी तोंड उघडलं नाही. तुपाचं फक्त तिलाच माहीत, असं ती धरून चालली होती. आणि एक निरपराध माणूस आपल्यापायी बदनाम झाला, हेही तिला माहीत होतं.

असो. तर ट्रॅक्टर.

खामगावात तेव्हा लहान ट्रॅक्टर विकणारे दोघे होते. लोकांनी नाकावरच्या बिल्ल्यावरून नावं पाडली होती, एक घोडा छाप आणि एक तारा छाप. भगवानचं मन घोड्यावर. वच्छलाबाईनं त्याला दमणी, म्हणजे सवारीची छोटी बैलगाडी, जुंपायला लावली आणि दोघं पूर्णा नदी ओलांडून जळगाव जामोदकडच्या गावांना निघाली, कारण तिकडच्या बागायतदारांनी दोन्ही मशीनं घेतली होती.

पहिल्या घरी घोडा छाप निंबाखाली उभा होता. त्याच्या बसायच्या जागेवर कोंबडी अंड्यावर बसलेली. घरची बाई म्हणाली, "इकाचा होता तवा एजंट रोज येत जाय. च्या पिऊन पिऊन साखर संपवली आमची. आता पुरजा मोडला, तं कुत्र्याले बी त्याचा पत्ता लागत नाही."

दुसऱ्या गावी तारा छाप रानात चालू होता. मालक बांधावर येऊन बसला. "बिघडते ना, बिघडाले काय, मानूस बी बिघडते," तो म्हणाला. "पन ऐन पेरणीत बंद पडलं, पूर्णेले पूर, नाव बंद. सांगावा धाडला तवा वाटलं, आता काय थो येते! तं दुसऱ्या दिवशी बुढा पुरजा डोक्श्याले बांधून पोहत आला. रहेमतुल्ला मिस्त्री."

वच्छलाबाईच्या हातातलं पाण्याचं भांडं तसंच राहिलं. भगवान उठून उभा राहिला. "कोन रहेमतुल्ला? नांदुऱ्याचा?"

"हाव, पयले नांदुऱ्यालेच होता. कोन्या इंजनापायी बदनाम झाला, मंग खामगावले गेला. आता तारा छाप त्याच्याच कडे हाये."

परतीच्या वाटेवर भगवान बैलांना उगाच मारत होता. "माय, एक सांगून ठेवतो. ज्यानं माह्या बापाले खाल्लं, त्याच्या दारात म्या पाय ठेवीन नाही. घोडा घेऊ. बिघडला तं बिघडला."

 बाईनं खरं बोलावं तर पोरगा जातो, गप्प बसावं तर त्याला त्या निंबाखालच्या मशीनवर बसवावं लागतं. ज्याच्या मागं कोणी येत नाही असं मशीन तिनं एकदा घरात घेऊन पाहिलं होतं. पूर्णेचं पाणी दमणीच्या चाकांना लागलं, आणि तिच्या कानात टुक, टुक सुरू झालं.

तरी भगवानला घेऊन ती खामगावला गेलीच. नांदुऱ्याहून आगगाडी, जलंबला गाडी बदलून खामगाव. आधी घोडा छापवाले वामनराव. गोरेगोमटे, हसतमुख, बोलणं मधासारखं. कपबशीतून चहा आला. मशीन पाहून भगवानचे डोळे चमकले. वामनरावांनी त्याला वर बसवलं, चाक धरायला दिलं. वच्छलाबाईनं सगळं पाहू दिलं, मग पदर सावरून एकच विचारलं.

"पोळ्याले याले तूप लावता येते काय?"

वामनराव खळखळून हसले. "लावा की बाई! तूप लावा, लोणी लावा, आपलंच जनावर समजा! काही होत नाही."

बाई उठली. चहा तसाच सोडून दाराकडे वळली. भगवान वरून ओरडला, "काय झालं माय?" "काई नाही," ती म्हणाली. "खाली उतर बापू. आधी खाली उतर त्याच्यावरून."

रहेमतुल्लाचं दुकान जिनिंगच्या मागच्या गल्लीत, पत्र्याच्या छपरात. भगवान कोपऱ्यावरच्या हॉटेलापाशीच थांबला, तोंड फिरवून. बाई एकटी आत गेली. भिंतभर खिळे आणि प्रत्येक खिळ्याला पुरजा. मिस्त्रीची दाढी पांढरी झाली होती, वयापेक्षा लवकर. त्यानं वर पाहिलं, हातातला पाना खाली ठेवला, आणि उठून उभा राहिला.

"भाभी? या, बसा."

ती बसली नाही. नव्या मशीनच्या बाजूला एक पट्ट्याचं चाक होतं, त्यावर जाड पत्र्याचं झाकण ठोकून बसवलेलं. असं झाकण वामनरावांकडच्या मशीनला नव्हतं. "हे कंपनी देते?" तिनं विचारलं.

"नाही. म्या बसवतो. त्याच्याशिवाय माह्या दारातून मशीन जात नाही."

मग तिनं तेच विचारलं. "पोळ्याले याले तूप लावता येते काय?"

 मिस्त्री चिंधीनं बोटं पुसत राहिला. "कुकू लावा भाभी. हार घाला, नारळ फोडा. तूप नाही."

बाईला सगळं कळलं. तिनं दाराची चौकट धरली. "तुमाले मालूम होतं?"

"पट्टा म्याच धुतला ना. फौजदार यायच्या पयले, घासलेटनं. पिवळा झाला होता. हाताचा वास लय दिवस गेला नाही."

"मंग काऊन नाही बोलले? काऊन सोतावर घेतलं?" ती जवळजवळ ओरडलीच.

"तुमी भितीले टेकून बसल्या होत्या. नखात हळद तशीच. पोरगं मांडीवर. फौजदार मंग तुमालेच विचारत बसला असता, आन गाव त्याच्याहून जास्त." त्यानं पाना उचलून खिळ्याला अडकवला. "आन माहा बी हिस्सा होता भाभी. जाळी नाही आली, तरी इंजन चालू करून देल्लं म्या. एजंटाले दोनदा सांगतलं, मंग चूप बसलो. जाळी असती तं तूप लावूनशानी बी काई झालं नसतं. अल्लाले माहीत."

वच्छलाबाई रडली. इतक्या वर्षांत नवऱ्यासाठी रडली होती, पण हे रडणं वेगळं होतं. आपल्याबरोबर दुसराही कोणी त्या विहिरीवर रोज जातो हे तिला माहीतच नव्हतं. "म्या पोराले सांगतो," ती म्हणाली. वऱ्हाडी बाई ती, 'सांगते' न म्हणता 'सांगतो'च म्हणणार.

"नका सांगू," मिस्त्री म्हणाला. "मिस्त्रीनं बापाले मारलं, हे त्याले पचलं हाये. दुसरं पचन का नाही, कोन जाने."

ती बाहेर आली नि भगवानला म्हणाली, "तारा छाप." भगवाननं आदळआपट केली, तो गल्लीत लोक जमेपर्यंत बोलला. बाई एकाच शब्दावर अडून राहिली. शेत तिच्या नावचं, पसंत तिची. मशीन वडनेरात आलं. भगवाननं ते चालवलं, कुंद्याच्या मुळ्या उलथ्या होऊन उन्हात पडल्या, पण आईशी तो कामापुरतंच बोले. रहेमतुल्ला दर महिन्याला मशीन पाहायला येई, तेव्हा भगवान मुद्दाम रानाच्या दुसऱ्या टोकाला जाई.

आणि पोळा आला.

संध्याकाळी उरलेल्या एका जोडीचे खांदे मळून झाले. पुष्पानं, म्हणजे सुनेनं, मळले. वच्छलाबाई ओसरीत पाठ करून बसली होती, कारण हवेत तुपाचा वास होता आणि कानात इंजन होतं. तेवढ्यात मागून सुनेचा आवाज आला, अगदी सहज, हसरा.

"आत्याबाई, वाटीत उलसाक उरलं. ह्या मशीनचा खांदा कुठी असते हो?"

वच्छलाबाई कशी उठली, कशी धावली, ते तिलाच कळलं नाही. पुष्पा एका हातानं पत्र्याचं झाकण चाचपत होती, दुसऱ्या हातात वाटी. वाटीवर असा फटका बसला की ती गोठ्याच्या भिंतीवर जाऊन आदळली. "त्याले आवतन देऊ नको!" बाई किंचाळली. "म्या देल्लं होतं! पट्ट्याले तूप चोळलं, हात जोडून जेवाले बलावलं. थे आलं होतं व बाई! दुसऱ्याच दिवशी जेवाले आलं, आन माहा मानूस घेऊन गेलं!"

बैलांची दावी धरून भगवान गोठ्याच्या दारात उभा होता.

 पुष्पाच्या हातावर हळद-तुपाचे शिंतोडे उडाले होते, ते पुसायचंही तिला सुचलं नाही. शेवटी भगवाननं विचारलं, "मिस्त्रीले माहीत होतं?"

"होतं," बाई म्हणाली. "पट्टा त्यानंच धुतला."

भगवाननं बैल बांधले. सांडलेल्या तुपावर माती लोटली, पायानं नाही, हातानं. आईकडे त्यानं पाहिलं नाही, आणि जेवलाही नाही. वच्छलाबाईला वाटलं, गेला पोरगा. बाप गेला तसा हाही गेला, फक्त हा घरात राहील.

पोळ्याच्या दिवशी उजाडायच्या आत तो दमणी न घेता, पायीच नांदुऱ्याच्या वाटेला लागला. पुष्पानं दारातून विचारलं, "आज सणाचं कुठी चालले?"

"खामगावले," तो म्हणाला. "आवतन द्याले."

दुपार कलताना दोघं आले. रहेमतुल्लानं धुतलेला सदरा घातला होता, आणि तो अवघडून ओसरीच्या कडेला बसला. भगवान त्याच्या शेजारी, एकाच रांगेत.  पुष्पानं पानं मांडली, पोळ्या वाढल्या, आणि तुपाचं भांडं घेऊन आली. मिस्त्रीनं पानावर आडवा हात धरला.

"बेटी, तू नाही," तो म्हणाला. "भाभी, तूप तुमच्या हातानं."

वच्छलाबाई दाराआड उभी होती. भगवाननं मान वर केली, आणि कालपासून पहिल्यांदा आईकडे पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती, खोटं कशाला बोलावं? पण तो म्हणाला, "वाढ ना माय. मानूस थांबून राह्यला."

तिनं भांडं हातात घेतलं. वास आला. इंजन सुरू झालं, टुक, टुक, टुक, अगदी कानाला लागून, मध्येच जड, मग हलकं. तरी तिनं धार धरली. पोळी भिजली, पान भरलं, तूप पानाच्या कडेवरून जमिनीवर उतरलं. "बस्स भाभी," रहेमतुल्ला म्हणत होता, "बस्स झालं, बस्स."

तिला ते ऐकू येत नव्हतं. ती वाढतच राहिली.